सतरा नंबरचे शेरे

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईने फॉर्म परत माझ्याकडे सरकवला आणि टोपण लावलेल्या पेनाने एका ओळीवर टकटक केलं. "हे काय लिहिलंय तुम्ही?" मी वाकून पाहिलं. मोतीबिंदू एका डोळ्याचा, पण फॉर्म चार पानांचा. तिसऱ्या पानावर 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' या ओळीपुढे माझ्याच अक्षरात, कुठे न अडखळता, लिहिलेलं होतं: पाहणीदार, केंद्र क्रमांक सतरा. खाली गावाचा पूर्ण पत्ता. "हे नाव आहे?" बाईने विचारलं. नाही, म्हटलं. "मग हुद्दा?" हो, म्हटलं. "आणि नातं?" तिने पेन पुढच्या ओळीवर नेलं. ती ओळ रिकामी होती. माझ्यामागे रांगेत नऊ माणसं होती. त्यातल्या दोघांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, बाकीचे सातजण अगदी मन लावून बघत होते. "भरून आणते," म्हणून मी फॉर्म पर्समध्ये टाकला आणि जिना उतरताना कठडा घट्ट धरला. पायऱ्या दिसत नव्हत्या म्हणून नाही. आपला हात आपल्याला न विचारता काही लिहून मोकळा होतो, हे छप्पन्नाव्या वर्षी कळलं की कठडा धरावासा वाटतो.

मी आकडे तपासते. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेच्या नोंदी ठेवणारं आमचं कार्यालय आहे. वेगवेगळ्या डोंगरांवर आमची बत्तीस केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रावर कोणीतरी रोज सकाळी जमिनीतून निघणाऱ्या वाफेचं तापमान बघतं, कागदावर मांडतं, आणि तो कागद शेवटी माझ्या टेबलावर येतो. ऑफिसात मला आकडेबाई म्हणतात. समोर ताई म्हणतात, पण ते जिन्यापर्यंतच. बत्तीसपैकी एकाही पाहणीदाराला मी पाहिलेलं नाही, पण त्यांच्या बायकांना त्यांच्याबद्दल जे माहीत नसेल ते मला माहीत आहे. चार नंबरवाला शनिवारचं वाचन शुक्रवारीच उरकतो. त्याच्या शनिवारी पारा कधी हललेलाच नाही. अकरा नंबरवाला भित्रा, आकडा जरा वर गेला की दुसऱ्या दिवशी स्वतःच समजूत काढून खाली आणतो. अठ्ठावीस नंबरवाल्याला बढती हवी आहे, आणि बढत्यांची यादी निघायच्या महिन्यात त्याचा डोंगर फार रोमांचक वागतो. पारा दोन रेघांच्या मध्ये थांबला की माणूस कळतो. काही माणसं आकडा वर नेतात, काही खाली आणतात. मला बघायला आलेला एकजण वर नेणारा होता. त्याने पगार, उंची आणि माझ्याबद्दलचं प्रेम, तिन्ही वर नेऊन सांगितलं. मी नकार दिला तेव्हा आई म्हणाली, "तुला माणूस नको, तराजू हवाय."

सतरा नंबरचा कागद आधी दुसऱ्या टेबलावर जात असे; माझ्याकडे तो एकोणीस वर्षांपूर्वी प्रथम आला. इतर केंद्रांचे कागद शाईचे डाग आणि चहाची वर्तुळं घेऊन येत. हा चार घड्या घातलेला, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला. अक्षर असं की बघत राहावं. आधी लांब शिरोरेघ मारलेली आणि मग तिला एकेक अक्षर टांगलेलं, दोरीवर कपडे वाळत घालावे तसं. शब्द संपले तरी रेघ थोडी पुढे जात असे. त्या उरलेल्या रेघेकडे बघून मला वाटायचं, अजून काहीतरी लिहायचं होतं, राहिलं. आमच्या कागदावर शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. त्यात हवा, वारा, धुकं असलं काही लिहायचं. हा रकाना माझ्यापुढे जात नाही. मी आकडे मोठ्या तक्त्यावर उतरवते, तक्ता साहेबांकडे जातो, शेरे माझ्याकडेच राहतात आणि वर्षाच्या शेवटी गठ्ठा बांधला जातो. बाकीचे लोक शेऱ्यात 'निरंक' लिहितात. सतरा नंबरने तिसऱ्या आठवड्यात लिहिलं होतं: 'धुकं. गुडघा दुखतो.' मी वाचलं आणि नकळत आपला गुडघा चोळला.

मग ते वाढत गेलं. 'कुत्री व्याली, पाच. एक काळं.' 'झोप नाही.' 'वाफ डावीकडे झुकलेली. काल भांडण झालं, चूक इकडची.' 'आज पक्षी नाहीत.' 'ती गेली.' हे वाचलं त्या दिवशी मी डबा न खाता परत नेला. त्यानंतरचे दोन आठवडे शेऱ्यात नुसतंच 'वारा' होतं आणि मी त्या 'वारा'कडे, घरात कोणी गेल्यावर माणूस बंद दाराकडे बघतं तसं बघत बसले. पुढे पुन्हा 'नवीन चप्पल चावते' आलं तेव्हा हायसं वाटलं. एकोणीस वर्षांत मी त्याला पुरता ओळखलं होतं. उंच, थोडा लंगडणारा, कमी बोलणारा, विधुर. आकडा कधी वर नेई, कधी खाली आणी. बाकी कोणी असं केलं असतं तर मी लाल पेन्सिलीने मेमो धाडला असता. याच्या बाबतीत मी मनाशी तक्ता केला होता, बरा असला की वर, उदास असला की खाली. नियमाप्रमाणे तापमान दोघांनी वेगवेगळं वाचायचं असतं. बहुतेक केंद्रांत दुसरं वाचन ही पहिल्याची नक्कल असते. सतरा नंबरचं दुसरं वाचन खरं असे, अर्ध्या अंशाने हटकून वेगळं. मी म्हणायची, बघा, एकटा माणूस, पण दोनदा वर चढून वाचतो. इतका प्रामाणिकपणा मी फक्त माझ्या वडिलांत पाहिला होता, आणि त्यांना त्याबद्दल सगळे हसत असत.

सहा वर्षांपूर्वी, त्या डोंगरावरून सलग आठ दिवस राख पडली तेव्हा, शेऱ्यात एक ओळ आली: 'पाणी मागितलं. ऐकू न आल्यासारखं केलं.' बस, एवढंच. कोणी मागितलं, कोणी ऐकलं नाही, काही नाही. मी ती ओळ त्या दिवशी कितीदा वाचली कोण जाणे. त्याची म्हातारी आई असेल, अंथरुणाला खिळलेली, शंभरदा हाका मारणारी, असं मी ठरवलं. आणि माझी आई आठवली. तिच्या शेवटच्या महिन्यात मीही एका दुपारी तिची हाक ऐकली होती आणि स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले होते, पुरती पाच मिनिटं, नुसती पाण्याकडे बघत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या ओळीपुढे मी लाल पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण केली. शेऱ्यावर खूण करायची पद्धत नाही. पण त्या दिवशी मी त्याला माफ केलं, आणि थोडं त्यातलं स्वतःकडे ठेवून घेतलं.

आईला दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सने वर न बघता विचारलं होतं, "जवळचं कोण?" मी म्हटलं, "मी." इतकं पटकन की तिने वर पाहिलं. ते 'मी' म्हणणारं माझ्यासाठी आता कोणी नव्हतं, हा हिशोब काही मला फॉर्मवर कळलेला नाही. तो पाठच होता. भाऊ होता तोवर मी डोळे मिटून त्याचं नाव लिहीत असे. भाऊ गेल्याला दीड वर्ष झालं. वहिनी लेकीकडे राहते. रविवारी फोन करते, मागे टीव्ही चालू असतो, आणि जाहिरात संपली की तिचं "बरं मग" येतं. वहिनी आली असती, नाही असं नाही. धावत आली असती, आणि कशी धावत आले ते पुढची दहा वर्षं सांगितलं असतं. तिला एका मोतीबिंदूवर एवढं भांडवल द्यायची माझी तयारी नव्हती. पण हातानेच लिहिलंय तर निदान त्या माणसाला विचारावं तरी, असं मला तिसऱ्या दिवशी वाटलं. तुमचं नाव लिहिलं तर चालेल का? बाकी काही करायचं नाही. फक्त कोणी फोन केला तर 'हो, ओळखतो' म्हणायचं. दोन दिवसांची रजा टाकली. साहेब म्हणाले, "तुम्ही आणि रजा? पृथ्वी थांबली की काय?" मी म्हटलं, "तेच बघायला चाललेय."

बस सहा तासांची. चार तासांनंतर जमिनीचा रंग काढून घेतल्यासारखा झाला. आधी तांबडी, मग करडी, मग काळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वितळून थिजलेले दगड, कुठे दोरांच्या वेटोळ्यांसारखे, कुठे फोडून फेकलेल्या भाकरीसारखे, आणि त्यांतून वर आलेलं एखादं पिवळं गवत, पाहुण्यासारखं अवघडून उभं. एका वळणावर खाली विवर दिसलं. केव्हातरी फुटून आत बसलेला अख्खा डोंगर, आणि त्यात साठलेलं हिरवट पाणी, ज्यात ढगाची सावलीसुद्धा पडत नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "खोली कोणी मोजलेली नाही." माझ्याकडे तो आकडा होता, पहिल्या कपाटातल्या दुसऱ्या कप्प्यात. तीस वर्षं मी या प्रदेशाचं पोट कागदावर चाचपत होते, आणि प्रत्यक्षात त्याला वास असतो हे मला माहीत नव्हतं. ओढून विझवलेल्या काडीचा वास, सगळीकडे, सारखा, जणू कोणीतरी नुकतंच काही पेटवायचं ठरवलं होतं आणि मग विचार बदलला.

गावात उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना काळ्या भोकाभोकांच्या दगडांची बुटकी घरं, पत्र्याची उतरती छपरं, राख साचू नये म्हणून. काही घरांच्या मागे जमीन ऊन असते, तिथे दोरीच नव्हती. धुतलेले कपडे सरळ दगडांवर पसरलेले. एक म्हातारा तशाच एका दगडावर पाठ टेकून बसला होता आणि माझ्याकडे बघून त्याने, "बसायचंय का?" या अर्थाने बाजूला सरकून दाखवलं. मी मान हलवली आणि पुढे गेले. बेकरीच्या बंद दारावर पाटी होती, 'पाव संपले', आणि मी तिथेच थांबले. लांब शिरोरेघ, अक्षरं टांगलेली, शब्द संपल्यावर उरलेली रेघ. त्याचं अक्षर. माझ्या तोंडावर हसू आलं असावं, कारण समोरून येणारी एक बाईही हसली. म्हणजे पाटीही तोच लिहितो. बरोबर आहे, गावात अक्षर चांगलं असलेल्या माणसाच्या मागे ही कामं लागतातच. पुढे कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, 'लगेच येतो', तेच अक्षर. किती भिडस्त माणूस! बसच्या वेळापत्रकावर तेच. विहिरीच्या कठड्यावर 'पाणी कोमट आहे' तेच. एका फाटकावर खडूने 'कुत्रं चावत नाही, भुंकतं', तेही तेच. इथे माझी चाल थोडी मंद झाली. एवढा वेळ या माणसाला मिळतो कधी? पण मनाने तेही वर नेलं. म्हटलं, एकटा माणूस आहे, लोकांना नाही म्हणता येत नसेल.

मुक्कामाला एकच जागा होती, एका बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाईचं घर. मागच्या दोन खोल्या ती आल्यागेल्याला देत असे. "एकट्याच?" तिने विचारलं. एकटीच, म्हटलं. "बरं असतं," ती म्हणाली, "भांडायला कोणी नाही. मी भिंतीशी भांडते, ती तरी ऐकून घेते." मग तिने पाहुण्यांची वही काढली, पट्टी न घेता डावीकडून उजवीकडे सरळ एक लांब रेघ ओढली, आणि तिला माझं नाव टांगायला सुरुवात केली. मी टेबलाला धरून उभी होते. टेबल लाकडाचं होतं, गार होतं, तिने तारखेतल्या सातला मध्ये आडवी रेघ दिली, आणि रेघ नावानंतर थोडी उरली.

"अक्षर सुरेख आहे तुमचं," मी म्हटलं. आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"माझं कसलं? गुरुजींचं आहे ते!" ती हसली. "अख्ख्या गावाचं एकच अक्षर आहे बाई. गुरुजींनी बेचाळीस वर्षं एकट्याने शाळा चालवली. आधी रेघ, मग अक्षर. रेघ वाकडी गेली की बोटांवर पट्टी. आता गुरुजी गेले, पण गावात कोणाची चिठ्ठी कोणाला ते कळायची सोय नाही. माझ्या नणंदेचं लग्न मोडलं त्यापायी. चिठ्ठी लिहिली तिसरीनेच, आणि बोलणी खाल्ली हिने."

मी विचारलं, "आणि ते केंद्राचे पाहणीदार? सतरा नंबर?"

"कोण पाहणीदार?"

"वर वाफ मोजतात ते."

"अगं बाई, या आठवड्याची मीच की!" तिने वही मिटली. "पगारी माणूस होता पूर्वी. एकदा डोंगर जरासा खोकला, तर हा पठ्ठ्या चप्पल घालायला थांबला नाही. वीस वर्षं झाली. दुसरा पाठवतो म्हणाले, अजून पाठवतायत. नोंदी थांबल्या तर गाव धोक्याचं ठरवून उठवतील अशी भीती, म्हणून गुरुजींनी घराघराला नेमून दिलं. अडतीस घरं, प्रत्येकाचा एक आठवडा. दोघं लागतात वाचायला. माझ्याबरोबर शेजारचा कुलूपवाला असतो. आमचं चार वर्षं बोलणं नाही, पण वाचायला बोलावं कुठे लागतं? तुम्ही कुठल्या?"

"त्याच कार्यालयातली," मी म्हटलं. "आकडे तपासते."

"मग चुका काढायला आलात की काय?"

"नाही," मी म्हटलं. "सहज."

खोलीत पलंग, खुर्ची, एक खिडकी, खिडकीत डोंगर. मी खुर्चीवर बसले आणि संध्याकाळ होईपर्यंत उठले नाही. अडतीस घरं. गुडघा एकाचा होता, चप्पल दुसऱ्याची. कुत्री आणखी कोणाची तरी. 'ती गेली' कोणाची कोण गेली, आई, बायको, शेळी? पुढचे दोन आठवडे 'वारा' लिहिणाऱ्या दोन घरांना ती माहीतही नसेल. त्यांच्याकडे त्या आठवड्यांत खरंच नुसता वारा असेल. मी एका माणसाचं दुःख एकोणीस वर्षं सांधत बसले होते आणि ते अडतीस ठिकाणांहून आलेलं भंगार होतं. हसू येत होतं, खरंच. बत्तीस केंद्रांच्या लबाड्या कागदाच्या वासावरून ओळखणारी मी, मला एक माणूस आणि एक गाव यांतला फरक कळला नाही. त्याच्यासाठी आणलेला करडा मफलर बॅगेत होता ('घसा धरला' असं गेल्या महिन्यात आलं होतं). तो उलगडून मी मांडीवर घेतला आणि त्याच्या टोकाचे धागे मोजत राहिले. भाऊ गेला तेव्हा निदान सांगता तरी आलं होतं, भाऊ गेला म्हणून. हे कोणाला, काय म्हणून सांगायचं? मरायला तो कधी जन्मलाच नव्हता. बाहेर घरमालकीण खरंच भिंतीशी काहीतरी बोलत होती आणि मधूनमधून, भिंतीने उत्तर द्यावं म्हणून, थांबत होती.

सकाळी तिने दार वाजवलं. कुलूपवाला लेकीकडे गेला होता, जाताना चिठ्ठी टाकून. ती चिठ्ठी त्याचीच हे तिने अक्षरावरून नव्हे, तर वर नाव घातलं नव्हतं यावरून ओळखलं होतं. "तुम्ही येता का दुसऱ्या? तुम्हाला तर येतंच." मी चप्पल घातली. वाट राखेची, पाय दोन पावलं वर गेला की एक पाऊल खाली सरकायचा, आणि पायाखाली चुरचुर व्हायचं, कोणीतरी सतत कागद चुरगळत असल्यासारखं. ती पुढे चालत बोलत होती. "या शेवटच्या टप्प्यावर आमचे हे दर वेळी बसायचे. म्हणायचे, डोंगर मोजायचा म्हणजे आधी आपला श्वास मोजायचा. सहा वर्षं झाली त्यांना. मोठी राख पडली ना, आठ दिवस, त्याच आठवड्यात. डॉक्टर येऊ शकला नाही. आठवडा आमचाच होता. सकाळी वर यायचं, आकडा बघायचा, परत जायचं त्यांच्यापाशी. सगळीकडे अंधार, भर दुपारी दिवा."

मी थांबले. तिला वाटलं मला दम लागला, ती म्हणाली, "घ्या, घ्या श्वास." त्या आठवड्याचा कागद माझ्या डोळ्यांपुढे होता. कुठली घडी कुठे पडली होती तीही. म्हातारी आई नव्हती. दोघं होती, एक खाटेवर, एक चुलीपाशी, आणि पत्र्यावर राख पडत होती.

वाफेचं तोंड म्हणजे दगडात पडलेली हातभर फट. तिच्यावर लोखंडी खांब, खांबाला तारेने बांधलेला तापमापक, खालचं टोक फटीत. रोज वाफेतून वाचायचा तो. नियमाप्रमाणे आधी ती, मग मी, एकमेकींना न सांगता. ती टाचा उंचावून, मान वर करून बघत होती आणि तरी पारा तिच्या डोळ्यांच्या वरच राहिला. मग मी बघितलं. मग चिठ्ठ्या उघडल्या. माझे एकाहत्तर, तिचे साडेएकाहत्तर. "माझा नेहमी जास्तच येतो," ती म्हणाली, "कुलूपवाल्याचा कमी. तो ताडमाड आहे." तेव्हा मला कळलं. खालून बघणाऱ्याला पारा वर दिसतो, वरून बघणाऱ्याला खाली. आनंद आणि उदासी म्हणून मी ज्याचा एकोणीस वर्षं तक्ता ठेवला, ती उंची होती.

तिने कागद गुडघ्यावर घेतला, आकडे भरले, आणि शेवटच्या रकान्यावर पेन्सिल नेऊन थांबली. "इथे दुसऱ्याने पाठ फिरवायची असते," ती म्हणाली. "आमच्यात तशी पद्धत आहे. गुरुजी म्हणायचे रकाना रिकामा ठेवायचा नाही. आधी लोक धुकं, वारा लिहायचे. मग कोणीतरी काहीतरी लिहिलं, काय ते माहीत नाही, पण माणूस उतरताना हलका दिसला. मग सगळेच लिहायला लागले. घरात बोलता येत नाही ते. कागदाला चार घड्या घालायच्या, डब्यात टाकायचा, पुढच्या घराने बघायचं नाही. महिन्याने पोस्टात. गेलं ते गेलं." तिने माझ्याकडे पाहिलं. चेहरा गोल, वाफेने ओला, आणि त्यावर अचानक अशी एक भीती, जी मी फक्त निकालाच्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. "तुम्ही तिकडच्याच आहात म्हणून विचारते. ते शेरे... ते कोणी वाचतं का हो?"

मी. एकोणीस वर्षं, एकही न चुकता. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायलाच तर मी सहा तास बसमध्ये बसून आले होते. मी म्हटलं असतं की एक ओळ वाचून मी लाल खूण केली होती, की मीही एकदा नळ सोडून उभी राहिले होते, की पाणी मागणारी सगळी माणसं सगळ्या घरांत सारखीच हाक मारतात. तिने कदाचित माझा हात धरला असता. माझं नाव, पत्ता, सगळं विचारलं असतं, रविवारी फोन केला असता, मागे टीव्ही न लावता. किंवा कदाचित तिने पेन्सिल खाली ठेवली असती. मग दुपारपर्यंत कुलूपवाल्याच्या दुकानापासून बेकरीपर्यंत अडतीस घरांत कळलं असतं की शहरात एक बाई बसलेली आहे, तिला सगळं माहीत आहे. आणि पुढच्या महिन्यापासून शेऱ्यात, बाकीच्या एकतीस केंद्रांसारखं, निरंक. मी ते दोन्ही आकडे मनात धरले. पारा मध्येच होता, आणि मला तो वर न्यायची फार इच्छा होती.

"नाही," मी म्हटलं. "तो रकाना पुढे जातच नाही."

"आणि कागद?"

"गठ्ठा बांधून ठेवतात. दोरी कोणी सोडत नाही."

"बघा! मी हेच म्हणते," ती एकदम मोकळी होऊन म्हणाली. "लोकांच्या मनात उगाच असतं, कोणी वाचत असेल. म्हटलं, शहरातल्या माणसांना कामं नाहीत का? बरं, फिरा तिकडे."

मी फिरले. समोर सगळा उतार होता, काळी शेतं, पत्र्याची छपरं, एका घरामागे दगडांवर पसरलेली पांढरी चादर, आणि दूर विवराच्या कडेने जाणारी सकाळची बस, मागे धुळीचा धागा सोडत. पाठीमागे पेन्सिल कागदावर लागली. आधी रेघ, लांब, डावीकडून उजवीकडे. मग अक्षरं. एक ओळ संपली, वाटलं झालं. पुन्हा रेघ ओढल्याचा आवाज आला. मग तिसरी. इतका मोठा शेरा सतरा नंबरने कधी लिहिलेला नव्हता. महिनाअखेरीस तो पोस्टात पडणार होता, चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर येणार होता, आणि मी दार लोटून घेऊन तो उघडणार होते, हे मला माहीत होतं. लाज वाटायला हवी होती. पाठीवर तेवढी ऊब लागत होती, फटीतून येणाऱ्या वाफेची.

मग घड्या घातल्याचा आवाज आला, चार. "या आता," ती म्हणाली. ती खरंच हलकी दिसत होती, एखादं पोतं खाली ठेवून आल्यासारखी. "धरा मला, उतरताना राख सरकते. नवीन माणूस हमखास बसतं." मी तिचा दंड धरला. उतरताना ती सारखी बोलत होती, नणंदेचं, छपराचं, कुलूपवाला पूर्वी किती छान शीळ वाजवायचा त्याचं, आणि वाकून वाकून मला पाऊल कुठे टाकायचं ते दाखवत होती. तुम्हाला कोण कोण आहे, हे मात्र तिने विचारलं नाही. विचारेल म्हणून मी घर येईपर्यंत तिचा दंड सोडला नव्हता.